पोपट रायकरांचा रिपोर्ट

"सर, फुटली! शेपटी फुटली!"

चौथ्या टेबलावरची मुलगी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढताच ओरडली, तशा बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. पोपटराव रायकरांनी हातातली साखरपाण्याची बाटली खाली ठेवली आणि वाट काढत ते तिथं गेले. सदाफुलीच्या परागकणातून काचेसारखी नितळ, बारीक नळी बाहेर पडली होती.

"शेपटी नाही, परागनलिका," ते म्हणाले. "टेबलाला धक्का देऊ नका. आणि गप्पा नकोत, आकृती काढा."

शनिवार पेठेतल्या या ज्युनिअर कॉलेजात ते बत्तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. गच्चीवरच्या कुंड्यांतली ताजी फुलं खुडून आणायची, साखरेचं पाणी करायचं, काचपट्ट्या धुवायच्या, आणि बारावीच्या मुलांची प्रात्यक्षिकं पार पाडायची. शिकवायला ऋचा मॅडम होत्या, पण कुणाचं काही अडलं की हाक पोपटरावांनाच. त्यांची पाठ वळली की मुलं 'पोपट झाला' म्हणून खिदळायची, तेही त्यांना माहीत होतं. त्याचा त्यांना कधी राग आला नाही.

"सर, माझे उगवलेच नाहीत," कोपऱ्यातली एक मुलगी तोंड पाडून म्हणाली. "फूल खराब असेल का?"

"फुलाचा काय संबंध? फूल तू काचेवर ठेवलंयस कुठं? नुसते पराग आहेत. ते उगवले नाहीत तर दोष परागाचाच."

ऋचा मॅडम हसल्या. "ऐका गं. पुढच्या आठवड्यात माणसाच्या प्रजननाचा धडा घेणार आहे, तेव्हा सरांचं हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याकडं फूल तपासून तपासून दमतात आणि परागाचं कुणी नाव काढत नाही."

मुली हसल्या. पोपटराव कपाटाकडं वळले आणि आधीच सरळ असलेल्या बाटल्या पुन्हा सरळ करू लागले.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ललिता होती, त्यांची बायको.

"आज लवकर या. खाली समदे बसनार हायेत. संस्कृतीच्या ऑपरेशनचं ठरवायचंय."

*

धायरीत रायकरांची शेती होती तेव्हाचं घर जाऊन तिथं आता तीन मजली इमारत उभी होती. तळमजल्यावर धाकटा भाऊ श्याम, त्याची बायको आणि ऐंशी ओलांडलेली आई मुक्ताबाई. मधल्या मजल्यावर श्यामचा मुलगा ऋषी आणि त्याची बायको संस्कृती. सर्वांत वर पोपटराव आणि ललिता, दोघंच.

ऋषीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. दोघंही हिंजवडीला नोकरीला. पहिली दोन वर्षं मुक्ताबाई गप्प राहिल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी सुनेला विचारलं, चौथ्या वर्षी नातसुनेलाच विचारायला लागल्या. आणि आता डॉक्टरनं दुर्बिणीची तपासणी सांगितली होती.

"तिला भूल देऊन पोटात दुर्बीण घालणार," पोपटराव बसल्या बसल्या म्हणाले, "त्याआधी ऋषीची साधी तपासणी झाली का?"

ऋषी मोबाइलमधून मान वर काढून म्हणाला, "काका, मला काय प्रॉब्लेम असणार? जिमला जातो, ड्रिंक्स नाही, काही नाही. आपल्या घरात जेंट्सना इश्यूच नाहीये. तुमचापण रिपोर्ट नॉर्मलच आला होता की. इश्यू काकूचा होता."

ललिता तिथंच जमिनीवर बसून गवार मोडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"ललितालाच संगं धाडा," मुक्ताबाई म्हणाल्या. "तिला समदं ठावं हाय. दोनदा झालंय तिचं."

"जाईन की," ललिता म्हणाली आणि संस्कृतीकडं पाहून हसली. "घाबरू नको गं. कळत न्हाई काई. उठल्यावर घसा तेवढा कोरडा पडतो."

पोपटरावांना तिथं बसवेना. पाणी पितो म्हणून ते उठले ते जिन्यात जाऊन उभे राहिले.

त्यांचा रिपोर्ट कधी आलाच नव्हता. कारण त्यांनी कधी तपासणीच केली नव्हती. म्हणजे केली होती. पण ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. लग्नाला चार वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आधी मिस्टरांची तपासणी करून आणा, ती सोपी असते. पोपटरावांना वाटलं, अनोळखी माणसाच्या हातात कशाला द्यायचं? काचपट्टी करायला आपल्यापेक्षा चांगलं कुणाला येतं? दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडंच असल्यामुळं ते रिकाम्या कॉलेजात गेले. दार आतून लावलं. थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला.

प्राणिशास्त्राच्या तयार काचपट्टीवर त्यांनी शेकडो वेळा मुलांना शुक्राणू दाखवले होते, हे डोकं, ही शेपटी. जिवंत असतील तर ते वळवळताना दिसायला हवे होते. त्यांनी काच डावीकडं सरकवली, उजवीकडं सरकवली, भिंग बदललं. दुसरी काचपट्टी केली, मग तिसरी. काही हललं नाही. हलायला काही नव्हतंच.

त्यांनी तिन्ही काचपट्ट्या साबणानं धुतल्या, पुसल्या आणि पेटीत जागच्या जागी ठेवल्या. दिवाळीनंतर मुलांनी त्या कांद्याच्या सालीसाठी वापरल्या.

घरी येऊन त्यांनी ललिताला सांगितलं, "तपासून घेतलं एकांकडून. माझं चांगलं आहे." डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत रांग होती. "कागद घरी राहिला, नॉर्मल आहे," असं ते म्हणाले आणि बाईंनी मान वर न करता तसं लिहून घेतलं. डिसेंबरात ललिताची पहिली दुर्बीण झाली. दोन वर्षांनी दुसरी. मग अंग सुजवणाऱ्या गोळ्या, बनेश्वरचे सोळा सोमवार, कुणी सांगितलेला पाला. मग ती कुणाच्या डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली की आपण होऊन स्वयंपाकघरात जायला शिकली. तिला कुणी जा म्हणायच्या आधीच.

सांगू, सांगू म्हणता वर्षं गेली. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ती लाज होती. पाचव्या वर्षी तो गुन्हा झाला होता. पुढं पुढं तर त्यांचं त्यांनाच वाटायला लागलं, की कदाचित तेव्हा भिंगच नीट बसलं नसेल.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋषीला खाली पार्किंगमध्ये गाठलं.

"तू तपासून घे. पायरीसुद्धा चढू देऊ नको तिला त्या दवाखान्याच्या, तुझा कागद हातात येईपर्यंत."

"काका, पुन्हा तेच? तुमचं नॉर्मल..."

"नव्हतं." त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "माझ्यात दोष होता. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

ऋषी गाडीच्या दारावर हात ठेवून उभाच राहिला. "काकूला माहितीये?"

"नाही."

"अजून नाही? काका, यार..."

"तिला सांगू नकोस," पोपटराव म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःचीच किळस आली, तरी ते म्हणाले.

ऋषीनं तपासणी केली. शुक्राणू कमी निघाले, पण होते. चारसहा महिने औषध घेऊन पाहू, असं डॉक्टर म्हणाले, आणि संस्कृतीची दुर्बीण रद्द झाली. घरात 'डॉक्टरांनी पुढं ढकललं' एवढंच कळलं. ऋषीनं बायकोला मात्र सगळं सांगितलं. आणि संस्कृती, भोळ्या आनंदानं, वरच्या मजल्यावर येऊन ललिताच्या गळ्यात पडली. काका बोलले म्हणून माझं टळलं, काकू, त्यांनी स्वतःचं सांगितलं म्हणून. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की काकूला यातलं काहीच माहीत नाही.

त्या संध्याकाळी पोपटराव घरी आले तेव्हा ताट वाढलेलं होतं. ललिता समोर बसली. भाकरीचा पहिला तुकडा मोडल्यावर तिनं विचारलं,

"तुम्ही कोन्त्या साली बघितलं हुतं?"

त्यांच्या हातातला तुकडा हातातच राहिला. "नव्व्याण्णव. दिवाळीत."

"माझी पैली दुर्बीण?"

"डिसेंबरात."

"म्हंजी नंतर."

"नंतर."

ती जरा वेळ हिशेब करत असल्यासारखी बसली. "मला आत नेलं तवा तुम्ही भायेर हुता."

"हो."

"काय करत हुता?"

"बसलो होतो."

"चहा घेतला हुता?"

पोपटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "घेतला होता."

"दुसऱ्या बारीला?"

"तेव्हाही घेतला असेल. ललिता, मी..."

"जेवा," ती म्हणाली. "गार हुतंय."

त्यानंतर तीन दिवस ती घरातलं सगळं करत होती. फक्त त्यांच्याकडं पाहत नव्हती. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती म्हणाली, "खाली जाऊन सांगा. समद्यांफुडं. मी जिन्यातनं ऐकते."

*

पोपटरावांनी सांगितलं. आई पलंगावर, श्याम पेपर घेऊन, श्यामची बायको स्वयंपाकघराच्या दारात, ऋषी आणि संस्कृती सोफ्यावर. उभ्यानंच, शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं, त्यांनी एका दमात सांगून टाकलं. दोष माझ्यात होता. ललितात कधीच नव्हता. मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

श्यामनं पेपर खाली ठेवला. मग मुक्ताबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"बगा," त्या म्हणाल्या, "बायकूला कुनी बोलू नये म्हनून ह्या वयात सोताच्या अंगावर घेतोय. देवमानूस हाय माझा पोपट."

"आई, खरं सांगतोय मी."

"तसं न्हवं रे. तुझा रिपोर चांगला आला हुता, मला म्हाईत न्हाई व्हय?"

श्याम उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, मानलं तुला. पण आता कोण काय म्हणतंय वहिनीला? कशाला स्वतःला छोटं करतोस?"

संस्कृती काहीतरी बोलायला पुढं सरकली. ऋषीनं तिचं मनगट दाबलं. ती परत मागं टेकली. पोपटरावांनी ते पाहिलं आणि ऋषीची नजर चुकवली.

जिन्यावर पावलं वाजली. ललिता वर निघून गेली होती.

आठवड्याभरात ती गोष्ट गल्लीभर झाली, ती तशीच, उलटी. दूधवाला कचरू चरवी खाली ठेवून हात जोडून म्हणाला, "रायकर, असा नवरा सात जन्मांत मिळत न्हाई." बत्तीस वर्षांत पोपटरावांना एवढा मान कुणी दिला नव्हता. रस्त्यानं जाताना ते खाली मान घालून जाऊ लागले, तर लोक त्यालाही विनय म्हणू लागले.

"मी सांगितलं," ते ललिताला म्हणाले. "कुणी विश्वासच ठेवत नाही."

"मी पंचवीस वर्सं इस्वास ठिवला," ललिता म्हणाली. "माझ्यावानी कुनी येडं नसतंय."

*

लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पोपटराव सकाळी आठ वाजता जाऊन बसले. खुर्च्यांवर दोनतीन तरुण मुलं होती, प्रत्येकानं मोबाइलमध्ये तोंड खुपसलेलं. काउंटरवरची मुलगी फॉर्म भरून घेत होती. तिनं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि तिनं मान वर केली.

"सर? पोपट सर? मी कादंबरी. दोन हजार बाराची बॅच. तुम्ही माझी काचपट्टी तीनदा करून दिली होती, प्रॅक्टिकलला."

"हो का," पोपटराव म्हणाले. त्यांना पळून जावंसं वाटलं. ते जागचे हलले नाहीत.

तिनं पुढचं हलक्या आवाजात विचारलं. वय? पंचावन्न. लग्नाला किती वर्षं? एकोणतीस पूर्ण. मुलं? नाहीत. मग तिचं पेन थबकलं. "सर, तपासणी कशासाठी म्हणून लिहू?"

"बायकोला द्यायचाय," ते म्हणाले. "कागद."

कादंबरीनं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं. तिनं काहीतरी लिहिलं आणि एक झाकणाची डबी त्यांच्यापुढं सरकवली. "सर, डावीकडची खोली," ती म्हणाली, अगदी सरळ आवाजात. त्या सरळपणाबद्दल पोपटरावांना तिचे पाय धरावेसे वाटले.

तिथल्या डॉक्टरांनी नंतर आत बोलावून तपासलं. लहानपणी गालगुंड झालं होतं का? झालं होतं, चौदाव्या वर्षी, खाली अंडकोषांनाही सूज आली होती. "मग तेव्हापासूनच," डॉक्टर म्हणाले आणि तेही रिपोर्टच्या तळाशी लिहून दिलं.

संध्याकाळी पोपटरावांनी तो कागद ललिताच्या हातात ठेवला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण शून्य ओळखू येत होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे?"

"हो."

"किती दिसांत मिळाला?"

"सकाळी गेलो होतो. आत्ता मिळाला."

"एका दिसात," ललिता म्हणाली.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. धायरी फाट्याकडून येणाऱ्या गाड्यांचा कालवा चालू होता. तिकडंच पाहत ती बोलली. "माझी दुसरी दुर्बीण झाल्यावर तुमची आई दुसरी बायकू करायचं म्हनत हुती. तवा आमचे अण्णा आलते. माझ्या बापानं, गेनबा पाटलानं, कुनाफुडं मान न्हवती वाकवली कदी. त्यांनी तुमच्या आईच्या पायावर टोपी ठिवली. 'माझ्या पोरीत खोट निघाली, पदरात घ्या' म्हनले." ती थांबली. "तुम्ही उठवलं त्यास्नी. म्हनला, 'मामा, असू द्या. मी टाकनार न्हाई तिला.' अण्णा मरस्तवर तुमचं नाव घेत हुते. देवाच्या खालोखाल जावई."

पोपटरावांना आठवत होतं. सासऱ्यांचे थरथरणारे दंड त्यांनी धरले होते, आणि त्या वेळी, सगळं ठाऊक असून, आपण खरंच मोठ्या मनाचे आहोत असं त्यांना घडीभर वाटलंही होतं. हे मात्र त्यांनी आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं.

"आता अण्णा न्हाईत," ललिता म्हणाली. "आई हाय. तिला दावायचा हा कागद. उद्या चला."

*

फुरसुंगीला माहेरच्या घरी ललिताची आई विमलाबाई ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. शेजारच्या दोघी मेथी निवडत होत्या. जावई आलेले पाहून त्या दोघी पदर सावरून बसल्या, एकजण आत पाणी आणायला उठू लागली.

"पानी ऱ्हाऊ द्या," ललिता म्हणाली. "आई, ह्यांना काई वाचून दावायचंय तुला."

पोपटरावांनी आत जाऊ असं डोळ्यांनी सुचवलं. ललितानं मान हलवली. मग त्यांनी कागद काढला, चष्मा लावला. "ही माझी तपासणी आहे," ते हळू म्हणाले. "वीर्याची. शुक्राणू शून्य."

विमलाबाईंनी कानामागं हात नेला. "आँ?"

"मोठ्यानं वाचा," ललिता म्हणाली. "तिला कमी ऐकू येतं."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. मेथी निवडणाऱ्या हातांचा आवाज बंद झाला. समोरच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. 'शून्य' म्हणताना त्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी तो शब्द गिळला नाही.

"म्हंजी काय, जावईबापू?" विमलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे ललितात खोट नव्हती. कधीच नव्हती. माझ्यात होती. मला तेव्हाच माहीत होतं, आई. मामा आले होते त्याच्या आधीपासून."

म्हातारी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहिली. कानामागचा हात तसाच होता. मग तिनं शेजारणींकडं पाहिलं, समोरच्या दारातल्या बाईकडं पाहिलं, आणि म्हणाली, "परत वाचा."

ऐकू आलं नव्हतं म्हणून, की आलं होतं म्हणून, हे पोपटरावांना कळलं नाही. त्यांनी ललिताकडं पाहिलं. ती आईशेजारी भिंतीला टेकून बसली होती, आणि माहेरी एकटी असल्यासारखे तिनं पाय लांब केले होते.

त्यांनी घसा साफ केला, कागद सरळ धरला आणि अगदी वरपासून, स्वतःच्या नावापासून, पुन्हा वाचायला सुरुवात केली.